गप्प बसण्याचा पाठ

“मी गप्प बसू? मग वर्गात मास्तर कशाला पायजे, सर?”

चौगुले अण्णांनी माझ्यासमोरची लेसन नोट ओढून घेतली. लेसन नोट म्हणजे तासात काय, कसं शिकवायचं याचा आराखडा. अण्णा निपाणीच्या शाळेत इंग्रजी दुसरीच्या, म्हणजे आताच्या सहावीच्या, वर्गाला इंग्रजी शिकवत. मूळचे बोरगावचे, जैन शेतकरी घरातले. घरी कन्नड, शाळेत मराठी. इंग्रजी व्याकरण तोंडपाठ. पण बोलायची वेळ आली की कपाळाला घाम.

मी तेव्हा बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होतो. मास्तरांना इंग्रजी संभाषणाचे पाठ आखायला शिकवायचं, म्हणून मला आठवडाभर निपाणीला धाडलं होतं. शेवटी इन्स्पेक्टर साहेब तपासणीला येणार होते. पाठ पसंत पडला नाही तर अण्णांना खानापूरकडे पाठवायचं हेडमास्तरांच्या मनात पक्कं होतं. अण्णांचे वडील अंथरुणाला खिळलेले. निपाणी सोडणं त्यांना शक्यच नव्हतं.

नोट सुरेख अक्षरातली होती. पण सगळी वाक्यं मास्तरांचीच. मुलांच्या वाट्याला फक्त ‘येस सर’.

“अण्णा, विहिरीत मास्तरच हातपाय मारत राहिला तर पोरं पोहायला शिकतील का?”

“न्हाय. पण पोरगं बुडालं तर?”

“थोडं पाणी पिऊ दे की.”

ते हसले. मग रोज शाळा सुटल्यावर आम्ही बसायचो. बाजाराचा पाठ ठरला. एक मुलगा काकड्या विकणारा, एक घेणारा. मास्तरांनी आधी थोडी वाक्यं म्हणून दाखवायची आणि बाजूला व्हायचं. अण्णांच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण. ते मलाही ओढून न्यायचे. वाऱ्यावर वखारींतल्या तंबाखूचा वास यायचा. आम्ही दोघं शिंकत, इंग्रजीत काकडीचा भाव करत चालायचो. लोक वळून बघायचे. पुढे नोकरीत पुष्कळ फिरलो, पण तशा संध्याकाळी पुन्हा आल्या नाहीत.

साहेब आले, मागच्या बाकावर बसले. अण्णांनी वाक्यं म्हणून दाखवली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. घेणारा शांतू पुढे आला. “आय वाँट...” म्हणाला आणि अडकला.

दाराशी उभे असलेले हेडमास्तर कुजबुजले, “सांगा की हो त्याला!” अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसता बसून राहिलो. अण्णांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

शेवटी काकड्यांच्या टोपलीमागे बसलेला विकणारा दत्तूच वैतागला. “व्हॉट यू वाँट? स्पीक, स्पीक! आय नो बाइट!”

वर्गात हशा पिकला. साहेबही हसले. शांतूची जीभ सुटली ती सुटलीच. “युवर कुकुंबर बिटर!” म्हणत त्याने भाव निम्म्यावर आणला.

तास संपल्यावर साहेबांनी विचारलं, “या वर्गात सगळ्यांत कमी कोण बोललं?”

“चौगुले मास्तर, साहेब,” हेडमास्तर घाईने म्हणाले. “तेच तर मी म्हणत होतो.”

“मग हा वर्ग त्यांच्याकडेच राहू द्या.”

अण्णा बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर मटकन बसले. डोळे पुसत म्हणाले, “लई अवघड काम हाय, सर. त्यापरास बोलणं परवडलं.”

पुढे प्रत्येक बॅचला मी सांगत आलो : संभाषणाचा पाठ आखताना आपण कुठे गप्प बसायचं ते आधी लिहा. लिहिणारे सगळेच निघाले. बसणारे थोडे.