श्यामकांतरावांनी अप्पांना का मारलं

दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या मराठी मंडळात एक कुजबुज होती. श्यामकांत केळुसकरांनी म्हणे चाळीस वर्षं उरात जपलेला सूड उगवला. वैर बाईवरून, बळी जुना मित्र आणि हत्यार लॅपटॉप. असं काही कानावर आलं की मला जेवण गोड लागतं, हे कशाला नाकारू? त्यातून माणसं वर्षभर घरात कोंडलेली. दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी कळावं, ही भूक तेव्हा सगळ्यांनाच लागली होती.

श्यामकांतराव पटकथाकार. पडद्यावर त्यांचं नाव येतं तेव्हा लोक पॉपकॉर्न शोधत असतात, त्यामुळे तुम्हाला ते ठाऊक नसणारच. तरुणपणी त्यांनी घोडे-बंदुकांचे सिनेमे लिहिले. अमेरिकेतला काउबॉय उचलून त्यांनी कोल्हापूरजवळच्या दगडांच्या खाणीत आणून सोडला. घोडे वरातीचे होते. त्यांना फटाक्यांची सवय, त्यामुळे बंदूक वाजली की ते उधळायचे नाहीत, जागच्या जागी नाचायला लागायचे. शेवटी पटकथा बदलली. टोळी घोड्यावरून येई, पण गोळीबार खाली उतरून करी. "समीक्षकांनी त्याला वास्तववाद म्हटलं," असं ते डोळा मिचकावून सांगत.

या सिनेमांत खलनायकाचा उजवा हात म्हणजे ठरलेला नीळकंठ. उमदा गडी, आवाज भारदस्त, आणि प्रत्येक सिनेमात मरायचा. श्यामकांतरावांचा नियमच होता की मरणारा माणूस पडताना दिसला पाहिजे. अमका मेला, असं कुणी धावत येऊन सांगायचं नाही. ते नाटकवाल्यांनी करावं.

नायिका लीलावती. तिच्यासाठी आमचे लेखकमहाशय असे लांबलचक संवाद लिहीत की शेजारचा घोडा उभ्याउभ्या पेंगायचा. लेखकाचं काय चाललंय ते साऱ्या युनिटला कळलं. तिला कळलं नाही, किंवा कळलं म्हणूनच तिने नीळकंठशी लग्न केलं. श्यामकांतराव त्या लग्नात पोटभर जेवले, पुढे त्यांचाही संसार नीट झाला. पण मंडळाला एवढा मसाला पुरे होता.

घोडे गेले, टीव्ही आला. श्यामकांतराव रोजच्या मालिका लिहू लागले आणि नीळकंठ त्यांच्या मालिकेत घरातला आजोबा झाला, म्हणजे अप्पा. चार वर्षांत अप्पा घराघरांत पोचले होते. मग दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत श्यामकांतराव तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले. मृदुला, त्यांची लेक, इथे चिप बनवायच्या यंत्रांवर काम करते. करोनाने विमानं बंद झाली आणि बाबा इथेच अडकले. तिने बागेतल्या शेडमधल्या सायकली बाहेर काढल्या आणि आत टेबल मांडून दिलं. तिथून रोज सकाळी मुंबईला एपिसोड जायचा.

पावसाळ्यात तिकडे शूटिंग पुन्हा सुरू झालं, पण पासष्टच्या वरच्यांना सेटवर बंदी. निर्मात्याचा फोन आला, अप्पांना मारा. पुढे बंदी उठली, तरी निर्माता घाबरलेलाच. श्यामकांतराव हटेनात.

"एकदा फोटोला हार घातला की त्या नटाला कोण परत बोलावतं?" ते मला म्हणाले. "या वयात नीळूला दुसरं काम मिळणार नाही. अप्पा गेले की तो संपला."

मी रोज माझा थर्मास घेऊन त्यांच्या बागेत, दीड मीटर अंतर राखून, बसायला जायचो.

"आज कुठे ठेवलायस रे अप्पांना?" मी विचारायचो.

"खोलीत. सर्दी झालीय."

"महिनाभर? काढा द्या की कुणीतरी."

"मग कोकणात पाठवतो."

कोकणातून अप्पा व्हिडिओवर बोलू लागले. नीळकंठ घरीच, मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून, स्वतःला चित्रित करून पाठवायचा. निर्मात्याने कापू नये म्हणून श्यामकांतरावांनी कथाच अशी गुंतवली, की थोरल्या सुनेचा खरा बाप कोण ते फक्त अप्पांना ठाऊक. दर आठवड्याला अप्पांचं भाषण वाढत गेलं. मृदुला म्हणायची, "बाबा, आमच्या मॅनेजरसुद्धा कॉलवर एवढं बोलत नाहीत."

आणि एकवीसच्या मे महिन्यात, अचानक, अप्पा गेले. तेही फोनवर! सुनेने फोन उचलला, किंचाळली, पुढच्या दृश्यात हार घातलेला फोटो. सुनेचा बाप कोण, ते अप्पा बरोबर घेऊन गेले.

मंडळ खवळलं. जूनमध्ये पार्कात सगळे भेटलो, तेव्हा मंडळातल्या मालिनीने श्यामकांतरावांना गाठलंच. मूळची सदाशिव पेठेतली, तिला कोण अडवणार?

"काका, निदान डोळ्यांदेखत तरी मारायचंत. लीलावतीबाईंना काय वाटलं असेल, विचार केलात?"

"वडे छान झालेत, मालिनी."

"बघितलंत?" ती माझ्याकडे वळली. "विषय बदलला. सूड नाही तर काय हा?"

श्यामकांतराव दुसरा वडा खात राहिले. मीही गप्प बसलो, आणि मी गप्प बसणं म्हणजे काय ते मला ओळखणारे जाणतात. मला सगळं ठाऊक होतं. श्यामकांतरावांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि एप्रिलमध्ये नीळकंठचा फोन आला तेव्हा मी बागेतच होतो.

"शाम्या, अप्पांना मार."

"वेडा झालास का? निर्माता काही बोलला का तुला?"

"त्याला काहीच ठाऊक नाही. अरे, परवाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. सकाळी बसलो तो दिवेलागणीला उठलो. लीला मोबाइलच्या मागे उभी राहून एकेक वाक्य सांगते. मी पुढचं म्हणायला जातो तोवर मागचं गेलेलं असतं. चार-चार शब्द जोडून पाठवतो तुम्हाला."

"मग लहान लिहितो."

"तू आयुष्यात कधी लहान लिहिलंयस?"

श्यामकांतराव हसले नाहीत.

"हे कधीपासून?"

"सेटवर होतो तेव्हापासूनच. तिथे मागून कुणीतरी आठवण करून द्यायचं, निभायचं. आता तू तिकडे माझ्यासाठी भांडतोस, आणि मी इकडे तुझा मेल आला की घाबरतो. वर्ष गेलं सांगू-सांगू म्हणण्यात."

"बरं. पण नीट मर. शेवटचा एक सीन लिहितो. पलंगावर..."

"त्यात संवाद असतील ना? फोनवरच आटप, बाबा. आणि कारण कुणाला सांगू नकोस."

फोन संपल्यावर श्यामकांतराव शेडमध्ये गेले. मी चहा ओतला, तो गार झाला, तरी ते बाहेर आले नाहीत.

मी तो फोन ऐकला होता हे कळल्यावर गेल्या दिवाळीत नीळकंठनेच फोनवर मला मोकळीक दिली. "किती दिवस त्याला शिव्या खायला लावायच्या? सांगून टाक आता," म्हणाला. म्हणून सांगतो. सूडबीड काही नव्हता. नीळकंठला संवाद आठवत नव्हते. अप्पांना मारायला त्यानेच सांगितलं, आणि श्यामकांतरावांनी मारलं.