आजारी शब्द

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळी गल्ली डॉक्टरीणबाई म्हणायची. चाळीस वर्षांचा मुरलेला हात, आणि तो कसा आहे हे सांगायला बाई कधी लाजल्या नाहीत. दुकानात आलेल्या प्रत्येक वाद्याच्या गळ्यात त्या चिठ्ठी अडकवत. वर नाव, खाली दुखणं.

मुलाने परदेशात लग्न केलं. सुनेला स्पॅनिशखेरीज भाषा येईना, तेव्हा साठाव्या वर्षी बाईंनी त्याच चिठ्ठ्यांवर स्पॅनिश लिहायला घेतलं. गिटारची तार तुटली: गितार्रा, क्वेर्दा रोता. ढोलाचं कातडं फाटलं: ताम्बोर, पिएल रोता. मुलगा फोनवर वैतागला, "अगं आई, आधी 'कशी आहेस' तरी शिक ना!"

"ते तू विचार तिला. मी माझ्या कामाचं बोलेन."

पण धडधाकट वाद्य दुकानात येणार कशाला? त्यामुळे बाईंना एकही वाद्य दुखण्याशिवाय पाठ नव्हतं. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर सुनेने हौसेने आपलं व्हायोलिन दाखवलं, तर बाई ठणकावून म्हणाल्या, "बिओलिन, क्वेर्दा रोता!" बिचारीने घाबरून चारही तारा तपासल्या. सासूच्या कारागिरीवरचा तिचा विश्वास उडाला तो तिथेच. बाईंना ते कळलं होतं आणि जिव्हारी लागलं होतं.

यंदा दोघं घरी आली. दुसऱ्याच दिवशी सुनेला इथल्या एका कार्यक्रमात वाजवायचं होतं आणि प्रवासात व्हायोलिनचा आवाजच बसला. मुलगा एखादं मोठं दुकान शोधायला बाहेर पडला. सून व्हायोलिनची पेटी उराशी धरून खुर्चीच्या टोकाला बसली होती. पाणी घ्यायला ती उठली, तसं पेटीत बारीक 'टक्' झालं. बाईंना तेवढं पुरे होतं.

"आल्मा," त्या म्हणाल्या. "आल्मा काईदा."

व्हायोलिनच्या पोटात एक छोटी काडी उभी असते, स्पॅनिशमध्ये तिला आल्मा, म्हणजे आत्मा म्हणतात. ती पडली होती. सून थबकली. तिने व्हायोलिन काढून हलवलं, आत काडी खुळखुळली. मग तिने दोन्ही हातांनी व्हायोलिन सासूपुढे केलं. बाईंचे डोळे भरून आले. पण भरल्या डोळ्यांनी काडी बसवता येत नाही, म्हणून त्यांनी ते आधी पुसले.

तारा सैल केल्या, फटीतून वाकडी सळई आत घातली. तीनदा काडी निसटली, चौथ्यांदा बसली. सुनेने दोन सूर काढले, हसली, व्हायोलिन सासूच्या टेबलावरच ठेवलं आणि आत जाऊन झोपली.

मुलगा परतला तो टेबल बघून चाटच पडला. "हे इथे ठेवून झोपली? अगं, ती मलासुद्धा हात लावू देत नाही!"

"आल्मा कुठे असते, ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"मग बरोबरच आहे तिचं," बाई म्हणाल्या. "आणि हळू बोल जरा. झोपू दे माझ्या पोरीला."