निम्म्यावरची पायरी

लांज्याला सासूबाईंचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा बंद पडला तेव्हा मी म्हणून गेले, "नवा नका आणू, मी करून देते." मी रत्नागिरीला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यामुळे त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

तंबोऱ्याचा आवाज आकड्यांच्या रूपात चिपमध्ये भरणं सोपं होतं. त्या आकड्यांचं पुन्हा व्होल्टेज करणारं सर्किट मी स्वतः बांधलं. चिपमधून निघणाऱ्या आठ तारा आणि शिडीसारखे जोडलेले रेझिस्टर. व्होल्टेजमध्ये पहिल्या तारेचा वाटा सगळ्यांत मोठा, पुढच्या प्रत्येकीचा आधीच्या निम्मा.

सगळं एका डब्यात बसवलं आणि रविवारी तो घेऊन लांज्याला गेले. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"सूर बरा आहे गो, पण आत कोणीतरी घसा खाकरतंय."

खाकरत होतं खरं. घरी येऊन मीटर लावला आणि आकडा एकेकाने वाढवत गेले. दर वेळी व्होल्टेज किंचित चढायला हवं. चढतही होतं, पण बरोबर निम्म्यावर ते खाली उतरलं. तिथे सात लहान तारा एकदम बंद होतात आणि मोठी एकटी चालू होते. तिचा वाटा त्या सातांच्या बेरजेहून एका पायरीने जास्त हवा, माझा कमी भरत होता. आवाजाची प्रत्येक लाट त्या निम्म्यावरूनच जाते, म्हणून सतत खरखर.

शिडीला दहा हजार आणि वीस हजार ओहमचे रेझिस्टर लागतात. मी ते दोन वेगळ्या दुकानांतून आणले होते.

"मग आता भारीतले आणायचे?" नवऱ्याने विचारलं.

"नको. सगळे एकाच कागदी पट्टीवर चिकटवलेले, एकाच वेळी बनलेले घेते. ओहमचा आकडा थोडा चुकला तरी चालेल, सगळ्यांचा सारखा चुकायला हवा."

वीस हजारांच्या जागी दहा हजारांचे दोन-दोन जोडले. व्होल्टेजच्या पायऱ्या बुजवायला शेवटी एक कपॅसिटर टाकला. निम्म्यावरही व्होल्टेज चढलं.

पुढच्या खेपेला सासूबाई डबा लावून गायला बसल्या. मी स्वयंपाकघरात नारळ खवत ऐकत होते. मध्येच त्या थांबल्या. मला वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं.

"आई, काय झालं?"

"काही नाही. काळी पाच आता झेपत नाही मला. सूर खाली काळी चारवर आणता येईल?"

"येईल की. आकडे जरा सावकाश पाठवायचे, एवढंच."

लॅपटॉप बरोबर होता. तिथेच बदल केला आणि त्या पुन्हा पहिल्यापासून गायला लागल्या.