आम्हीच काढली

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी काय करणार, ही काळजी माझ्यापेक्षा आमच्या सोसायटीलाच जास्त होती. कोणी योगासनं सुचवली, कोणी भजनी मंडळ. मला दोन्ही जमणारं नव्हतं, आणि मी ते तोंडावर सांगितल्यामुळे सुचवणारे पुन्हा फिरकले नाहीत. शेवटी माझ्यासारख्याच तीन रिकामटेकड्या बायका आणि एक निवृत्त मास्तर अशा आम्ही पाच जणांनी डोंबिवलीशेजारच्या कोपरला एका सोसायटीच्या हॉलमध्ये दुपारचा वर्ग सुरू केला. ज्या हॉलात सकाळी बारसं आणि रविवारी सोसायटीची भांडणं होतात, तोच हॉल.

वर्ग म्हणजे शिकवणी नव्हे. ज्या मुलांना शाळा दाखला देऊन घरी पाठवायच्या बेतात असायची, ती नववीची मुलं आमच्याकडे यायची. राहिलेला अभ्यास करून घ्यायचा, मूल कशामुळे बिनसलंय ते ऐकायचं, आणि मग शाळा, पालक आणि मूल यांना एका टेबलाशी बसवून प्रकरण मिटवायचं. मूल शाळेतच राहिलं पाहिजे, एवढा एकच आमचा हट्ट.

या कामात पडेपर्यंत मला वाटायचं, शाळा मुलांना काढून टाकतात म्हणजे कोणीतरी बोट दाखवून ‘चालता हो’ म्हणत असेल. तसं काही नसतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी थक्क झाले. शाळा कोणालाच काढत नाही. पालकांना बोलावते, खुर्ची देते, पाणी देते आणि गोड आवाजात सांगते, ‘तुम्हीच अर्ज करा ना, म्हणजे दाखल्यावर वाईट शेरा पडणार नाही.’ पालक आभार मानतात आणि तिथल्या तिथे अर्ज लिहून देतात. दाखल्यावर कारण येतं, पालकांच्या विनंतीवरून. आठवीपर्यंत कायदा आड येतो, म्हणून हे सगळं नववीत उरकतात. दहावीला निकाल शंभर टक्के लावायचा तर चाळणी नववीतच लावावी लागते.

डोंबिवलीत हे सोपं जातं, कारण आपली माणसं अब्रूला फार जपतात. पोरीला शाळेने काढलं असं जिन्यात कोणी कुजबुजण्यापेक्षा आपणच काढली म्हणणं बरं वाटतं त्यांना.

ती मुलगी आमच्याकडे आली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. नववीत होती. उंच, हडकुळी, बोलताना मान वाकडी करायची सवय. गणिताच्या बाईंना तिने डस्टर फेकून मारला होता. डस्टर बाईंच्या खांद्याला लागला. त्याआधी दांड्या, मोबाईल, उलट उत्तरं हे सगळं झालेलं होतंच. मुख्याध्यापिकाबाईंनी वडिलांना बोलावून अर्जाची गोष्ट काढली. त्याच शाळेतल्या एका जुन्या शिपायाने वडिलांना हळूच आमचा पत्ता दिला आणि ते मुलीला घेऊन आमच्या हॉलात आले.

वडील मूळचे कोकणातले. ठाण्याला एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि इतका नम्र माणूस की मलाच संकोच वाटावा. बसा म्हटलं तरी बसेनात. पहिलंच वाक्य म्हणाले, “मॅडम, तुम्ही हिला मारा, फोडून काढा. आमची काही तक्रार नाही.”

मुलीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

“आम्ही मारत नाही,” मी म्हणाले. जरा चढ्या आवाजातच म्हणाले असेन.

“नाही नाही, तुमचं बरोबर आहे,” ते लगेच म्हणाले. मी काहीही म्हटलं तरी त्यांचं हेच उत्तर असायचं.

मुलीला बोलतं करायला वेळ लागला. मास्तरांशी तिचं जमलं, कारण ते गणित चुकलं की स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायचे. मग एक दिवस माझ्याबरोबर वह्या आवरताना आपणहून म्हणाली, “काकू, मी उगाच नाय मारला डस्टर. ती मॅडम बोलली, आई लोकांच्या घरी पोळ्या लाटते आणि पोरीला मोबाईल पाहिजे. सगळा वर्ग हसला.”

“घरी सांगितलंस का हे?”

“कोणाला? आईला सांगितलं तर ती रडेल. आणि बाबा कधीच माझं ऐकत नाहीत. शाळेतून कम्प्लेंट आली की टीचरच्या समोरच मला देतात एक. टीचर चुकत नाही, असं बोलतात.”

मला भयंकर राग आला. बाईंचा, बापाचा आणि हसणाऱ्या त्या वर्गाचा. पण रागाने दाखला थांबत नाही हे एव्हाना मी शिकले होते. मी शाळेत खेपा घालायला लागले.

मुख्याध्यापिकाबाई माझ्याच वयाच्या. केसात अबोलीचा गजरा, टेबलावर सरस्वतीची मूर्ती, बोलणं अगदी शुद्ध. त्यांना पटवायला दोन महिने गेले. त्यांचं म्हणणं, मुलीने प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर माफी मागावी. माझं म्हणणं, ज्या बाईंना लागलं त्यांची मागेल, शिक्षकांच्या खोलीत, दार लावून. शेवटी त्या तयार झाल्या. वडिलांनी हमीपत्रावर सही करायची, मुलीने माफी मागायची, आणि पोरगी शाळेत कायम. गणिताच्या बाईंनाही त्यांनी समज दिली होती, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. कबूल करते, मला त्या दिवशी त्या आवडल्या.

इकडे मुलीची तयारी करून घेतली. “सॉरी कसं बोलू? मला नाही वाटत सॉरी,” ती म्हणायची. मग मास्तर म्हणाले, डस्टर लागल्याबद्दल वाटतं का? ती विचार करून म्हणाली, “ते वाटतं. तिचा खांदा आधीच दुखतो.” म्हटलं, तेवढंच बोल. खोटं काही बोलू नकोस. आरशासमोर उभं राहून तिने सराव केला म्हणे.

सगळ्यांची तयारी आम्ही करून घेतली. वडिलांची करायची असते हे आमच्या पाच डोक्यांपैकी एकातही आलं नाही. इतका मान डोलावणारा माणूस, त्याला काय सांगायचं?

बैठक शनिवारी सकाळी होती. मुलगी गणवेशात, वेण्या घट्ट घातलेल्या. वडील अर्धी रजा टाकून आलेले. आधी शिक्षकांच्या खोलीत माफी झाली. मी आणि वडील दाराबाहेर उभे होतो. मुलगी ठरल्याप्रमाणे बोलली. गणिताच्या बाई म्हणाल्या, “मीही तसं बोलायला नको होतं.” हे तर आम्ही मागितलंसुद्धा नव्हतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी फळ्यावरचा सुविचार वाचत राहिले.

मग आम्ही सगळे मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत जाऊन बसलो. हमीपत्र टेबलावर तयार होतं. बाईंनी चहा मागवला. मला वाटलं, झालं, जिंकलो. मी चहात बिस्कीट बुडवत होते, हे मला आजही आठवतं, कारण ते बिस्कीट मोडून कपात पडलं आणि मी चमचा शोधत होते.

बाई वडिलांकडे वळल्या आणि अगदी मायेने म्हणाल्या, “खरं सांगू का, अशा घरांतून आलेल्या मुलींना आम्ही सहसा पुन्हा ठेवत नाही. पण तुमच्याकडे बघून हिला ठेवतोय बरं का. आता तुमच्या हातात आहे.”

मी चमचाच शोधत होते.

वडिलांनी कप बशीत ठेवला. कप जरासुद्धा वाजला नाही. खिशातलं पेन काढलं. मला वाटलं, सही करतायत. त्यांनी हमीपत्र उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. त्यांचं अक्षर सुरेख होतं.

“काय लिहिताय?” मी विचारलं.

“दाखल्याचा अर्ज, मॅडम,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच नम्र. मग मुख्याध्यापिकाबाईंकडे बघून म्हणाले, “आमचं घर कसं आहे ते तुम्हाला माहीत नाही. हिची आई पोळ्या लाटते म्हणून ही तुमच्या शाळेत शिकते. मला उपकार नकोत. माझ्या मुलीला मी तुमच्याकडे ठेवत नाही.”

म्हणजे गणिताच्या बाईंचं ते पोळ्यांवरचं बोलणं त्यांना माहीत होतं! कधी, कोणाकडून कळलं, कोण जाणे. शिक्षकांच्या खोलीचं दार काही तेवढं जाड नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा आधी पडला आणि मग, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, सुटका झाल्यासारखा सैल झाला. त्यांनी अर्ज ओढून घेतला आणि घंटी वाजवून क्लार्कला बोलावलं. मी “अहो थांबा, थांबा,” म्हणत उठले, तोवर शेरा मारून झाला होता. पालकांच्या विनंतीवरून. या वेळी ते शब्दशः खरं होतं.

फाटकाशी मी त्यांना गाठलं. मुलगी त्यांच्या मागे उभी होती.

“अहो, वर्षाच्या मध्यात नववीला कोणी घेत नाही हो! आत चला, अर्ज मागे घ्या. बाई बोलल्या ते चुकलंच, मी भांडते त्यांच्याशी. पण पोरीचं वर्ष जाईल.”

“तुम्ही आमच्यासाठी खूप केलंत, मॅडम,” ते म्हणाले. “पण त्या ‘अशा घरांतून’ बोलल्या तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, मला ते ऐकूच आलं नव्हतं. म्हणजे कानावर पडलं होतं. पण गेल्या काही वर्षांत इतक्या शाळांत, इतक्या कपांवर ते शब्द ऐकले होते की ते मला चहाबरोबर येणाऱ्या बिस्किटासारखे झाले होते. स्वतःचाच मला धक्का बसला.

“उद्या कोणी विचारलं तर सांगू, शाळेने नाही, आम्हीच काढली,” ते म्हणाले आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून रस्ता ओलांडून गेले.

आणि तसंच झालं. त्यांच्या चाळीत लोक म्हणाले, बरं केलंत, असंच पाहिजे. शाळाही खूश. सगळ्यांचा मान राहिला, वर्ष तेवढं पोरीचं गेलं. शनिवारी दुपारी आणि सोमवारी सकाळी मी फोनवर बसले. कल्याणच्या शाळा झाल्या, मोहन्याची झाली, पार ठाण्यात कोपरीपर्यंत विचारून झालं. सगळीकडे एकच उत्तर: जूनमध्ये या, नववीतच बसवू, तेही जागा असली तर. एका ठिकाणी तर दाखल्यावरचा शेरा ऐकून क्लार्क हसला. म्हणाला, “विनंतीवरून म्हणजे काय ते आम्हाला कळतं हो, ताई.” आता एकच दोर उरला होता. मुख्याध्यापिकाबाईंकडे पुन्हा जायचं, वडिलांनी दोन शब्द नरमाईने बोलायचे, आणि रजिस्टरमधून नाव जायच्या आत अर्ज परत घ्यायचा. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मंगळवारपर्यंत थांबते, पण वडिलांनी स्वतः यायला हवं. वडील माझं ऐकणार नव्हते. मुलीचं ऐकले तर ऐकले.

सोमवारी दुपारी ती हॉलात आली. गणवेश नव्हता, पिवळा कुर्ता होता. मान सरळ होती. मी येण्याआधीच मुलांना गोळा करून सांगत होती, “बाबा डायरेक्ट तोंडावर बोलले मोठ्या मॅडमच्या! पेन काढलं आणि लिहिलं, असं!” मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. एक पोरगा म्हणाला, “माझे पप्पा तर तिथेच मला धुतात.” ती म्हणाली, “माझे पण धुवायचे.”

मी तिला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं. कुठलीच शाळा घेत नाहीये, हेही सांगितलं. म्हटलं, “बाबा तुझं ऐकतील. उद्या त्यांना घेऊन चल. दोन मिनिटांचं काम आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी किळसवाणं बोलल्यासारखी.

“काकू, मी बाबांना त्या मॅडमसमोर सॉरी बोलायला लावू?”

“सॉरी नाही गं, नुसतं...”

“तेच ना.” तिने मान हलवली. “शाळा गेली ते कळतंय मला. पण बाबा पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलले, काकू. ते मी परत नाही देणार.”