साठ मिली

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर गणित शिकवते. शिवाय दर शनिवारी दुपारी मोठ्या माणसांचा वर्ग घेते. शाळा अर्ध्यात सुटलेली, आता दहावीला बाहेरून बसू पाहणारी बारा-तेरा माणसं. तोंडी हिशेबात ती माझ्यापेक्षा पटाईत, पण दशांश चिन्ह आलं की गडबडतात.

त्या शनिवारी वर्गात फवारणीचाच विषय होता. कपाशी कमरेएवढी झाली होती. मला वाटलं, पुस्तकातलं उदाहरण सोडून आज हेच घ्यावं. जवळच्या गावचे एक शेतकरी दादा वर्गात येत. वय चाळिशीचं, अक्षर सुरेख, फळ्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरवून घेत. त्यांच्या फोनमध्ये औषधाच्या बाटलीचा फोटो होता. दहा लिटर पाण्याला चार मिली, आणि त्यांचा पाठीवरचा पंप पंधरा लिटरचा. मग एका पंपाला किती?

मी पायऱ्या मांडल्या. एका लिटरला शून्य पूर्णांक चार, गुणिले पंधरा. उत्तर लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

पहिल्या बाकावर तांड्यावरच्या एक काकू बसायच्या. त्यांच्या घरी औषध कालवायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, इतकं नाही लागत. आमी तं झाकणानं टाकतो, जरासंच."

"काकू, अंदाज नको," मी म्हणाले. "अंदाजानंच चालायचं तर वर्गात कशाला यायचं?"

दोघं-तिघं हसले. काकूंनी मान खाली घातली आणि उत्तर लिहून घेतलं. एसटीची वेळ झाली होती. मी फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि सगळे पांगलो.

रविवारी सकाळी चहा घेताना ग्रुप उघडला. दादांचा मेसेज होता, 'आज फवारणी हाये. यंदा मोजूनच टाकतो. धन्यवाद मॅडम.' मी उत्तर द्यायला गेले आणि वरचा फोटो दिसला. शून्य पूर्णांक चार गुणिले पंधरा बरोबर साठ.

सहा पूर्णांक शून्य लिहायचं होतं. मधलं टिंब मी दिलंच नव्हतं.

दादांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. ग्रुपवर लिहिलं, 'चूक झाली, सहा मिली, साठ नाही, कोणी फवारू नका.' चार-पाच जणांनी पाहिलं, दादांनी नाही. काकूंचा फोन मुलाकडे असायचा. चहा तसाच टाकून मी स्कूटी काढली. दादांचं शेत मला माहीत नव्हतं. तांडा मात्र वाटेवरच होता, आणि काकूंना ते शेत ठाऊक असणार.

काकू दारात भांडी घासत होत्या.

"काकू, तुमची फवारणी झाली?"

"कालच सांजी झाली."

"किती टाकलं?"

"झाकणानंच टाकलं. काहून?"

मी सांगितलं. त्यांनी हात पदराला पुसले आणि काही न विचारता माझ्या मागे बसल्या. नाला आला तशा त्या म्हणाल्या, "मले कालच वाटलं होतं, हे लय होते."

"मग पुन्हा का नाही बोललात?"

"तुमी शिकलेल्या. मले वाटलं, माह्यंच चुकून राह्यलं."

पुढची वाट चिखलाची होती. गाडी टाकून आम्ही बांधावरून धावलो. आधी पंपाच्या मोटारीचा आवाज ऐकू आला, मग कपाशीत तोंडाला दुपट्टा बांधलेले दादा दिसले. मी ओरडले, पण त्यांना ऐकू जाईना. काकूंनी हाक मारली तशी ते वळले.

पहिला पंप संपला होता, दुसरा निम्मा. डोळे लाल झाले होते.

"उलटीवानी मयमय होऊन राह्यली मॅडम," ते म्हणाले. "ऊन लागलं असन."

"ऊन नाही दादा. माझं उत्तर चुकलं."

काकूंनी दादांच्या पाठीवरचा पंप उतरवला, सदरा काढायला लावला, ड्रमातलं पाणी ओतून साबणानं हात-मान धुवायला लावली. बांधावर दादांची बायको बाटली घेऊन उभी होती. ती माझ्याकडे न बघता काकूंना म्हणाली, "मी म्हणलं होतं, एवढं कायले? तं म्हणे मॅडमनं फळ्यावर लिहून देलं."

गावातून ऑटो आणला. वाटेत त्यांना दोनदा उलटी झाली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी बाटली मागितली आणि विचारलं, "प्रमाण किती घेतलं?"

"दहापट," मी म्हणाले.

"दहापट? कोणी सांगितलं?"

"मी."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि आत गेले. मी संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होते. दादांची बायको समोरच्या बाकावर. मी माफी मागितली तेव्हा ती उठून आत दादांकडे गेली. अंधार पडताना सिस्टर येऊन म्हणाल्या की आता उलट्या थांबल्यात, पण आज इथंच ठेवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा घरी गेले.

पुढच्या शनिवारी मी वर्गात झालेलं सगळं सांगितलं. "काकूंचं बरोबर होतं," मी म्हणाले.

"माहीत हाये मले," काकू म्हणाल्या. "आता पुढचं सांगा."

दादा त्या शनिवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. फवारलेल्या ओळींची पानं करपल्याचं काकूंकडून कळलं. तिसऱ्या शनिवारी ते दारात दिसले, चेहरा थोडा उतरलेला. मागे त्यांची बायको होती. तिनं वर्गात नाव घातलेलं नव्हतं.

"मी बसते इथंसा," ती म्हणाली. ती परवानगी मागत नव्हती.

मी टक्केवारी शिकवायला घेतली. दुसऱ्या पायरीवर तिनं हात वर केला.

"हे कसं आलं?"

मी सांगितलं.

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. तिनं दादांच्या वहीत वाकून पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हं," ती म्हणाली. "लिहा पुढं."