रेघ न मारलेली मोहर

आमच्या घरात देव कमी आणि मास्तरांच्या वस्तू जास्त. मास्तर म्हणजे माझे यजमान. भालकीच्या शाळेत फारसी आणि उर्दू शिकवायचे. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मग मीही तेच म्हणायला लागले. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, त्यामुळं सोयच झाली. हैदराबादचं राज्य होतं तेव्हाचं हे सांगतेय.

नांगराला लागून काही निघालं की शेतकरी ते धोतराच्या सोग्यात बांधून आमच्या दारात आणायचे. हात तुटलेला जैनांचा जिन, पाय नसलेली देवी, कुठल्याशा मोठ्या मूर्तीचा नुसताच काशाचा पंजा. खंडित मूर्ती घरात ठेवू नये असं मी पहिल्या वर्षी म्हणून पाहिलं. मास्तर म्हणाले, "ह्या मूर्ती न्हाईत, वस्तू हायत." मग मी बोलणं सोडलं. पण त्यांचा खरा जीव होता मोहरांवर. पूर्वी ज्यांना सही करता यायची नाही, आणि ज्यांना यायची तेसुद्धा, कागदावर आपल्या नावाची मोहर उठवायचे. काझींच्या, देसायांच्या, व्यापाऱ्यांच्या अशा मोहरा मास्तरांनी एका सागवानी पेटीत, कापसात मांडून ठेवल्या होत्या. एक तर पार चीनकडची होती. मऊ दगडाची, वर इवलासा सिंह बसलेला. हैदराबादेत कुणा जहागीरदाराच्या लिलावात मिळालेली. चीनमधल्या एखाद्या पंडिताची असावी म्हणायचे. ती वाचता येणारं माणूस आमच्या सात पिढ्यांत भेटणार नव्हतं, तरी हे तिच्याकडं बघत तासतास बसायचे. मला सांगाल तर रागच यायचा. इतकं टक लावून मास्तरांनी माझ्याकडं कधी पाहिलं नाही.

मोहरांच्या नादानं त्यांची बिदरच्या एका उस्तादांशी दोस्ती जमली. उस्ताद मोहरा कोरायचे. अक्षरं उलटी कोरावी लागतात, आणि ते आरशात न बघता कोरायचे. त्यांचा बापही हेच काम करायचा. आपल्याकडं एक रीत होती, आता कुणाला ठाऊक नसेल. माणूस मेला की त्याची मोहर घरचे लोक कोरणाऱ्याकडं घेऊन जायचे. तो छिन्नीनं त्या नावावरून एक आडवी रेघ मारायचा. मेलेल्या माणसाच्या नावानं कुणी कागद करू नये म्हणून. उस्ताद त्या कामाचा मोबदला घ्यायचे नाहीत, नारळ तेवढा घ्यायचे. लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता तो त्या रेघेमुळं.

आणि मास्तरांना मात्र रेघ नसलेली मोहर हवी असायची. रेघ पडली की वस्तू मेली, म्हणायचे. उस्तादांच्या मागं लागायचे, ते हसून टाळायचे. किती वर्षं हे असंच चाललं.

भालकीपासून दोन कोसांवरच्या एका गावचे पाटील वारले. मूलबाळ नव्हतं. घरात पाटलीणबाई एकट्या, आणि शेजारच्या वाड्यात पाटलांचा पुतण्या. पाटलीणबाईंनी तेरावं झाल्यावर रीतीप्रमाणं मोहर बिदरला पाठवली. ती मोहर उस्तादांच्या बापानं कोरलेली निघाली. उस्ताद ती घेऊन स्वतः आमच्या घरी आले. ओसरीवर बसले, मोहर हातात फिरवत राहिले. म्हणाले, "बावा के काम पो छेनी नै चलती मेरे से, मास्टर." बापाच्या कामावर छिन्नी चालवायला हात धजेना. मास्तरांचे डोळे कसे चमकले ते मी आतून पाहिलं. पाटलीणबाईंना निरोप गेला की रेघ मारली आणि मोहर मांजरा नदीत सोडली. आणि मोहर आमच्या पेटीत आली.

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण संग्रह करणाऱ्याला दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. पाटलांचा तो पुतण्या कुठल्याशा अर्जासाठी मास्तरांकडं आला होता, तर ह्यांनी त्यालाच पेटी उघडून दाखवली. "बघ, तुझ्या काकाची. असं काम आता कोण करतंय?" पुतण्या बराच वेळ बघत बसला. चांगली आहे, म्हणाला. चहा पिऊन गेला.

त्याच वर्षीची खंडेनवमी. हत्यारं, अवजारं पुजायचा दिवस. मास्तर शाळेला सुट्टी म्हणून बिदरला गेलेले. मी विळी, अडकित्ता, मास्तरांची दौत-लेखणी पाटावर मांडत होते तेवढ्यात पुतण्या दारात.

"अक्का, काकांची मोहर तेवढी द्या की. आमच्या घरी दर साली पुजत्यात. एवढं साल पाटावर जागा रिकामी दिसायलीय."

"मास्तर घरी न्हाईत," मी म्हटलं.

"उद्या आणून देतो की. मी कुठं पळून जायलोय?"

आता सांगा, पूजेसाठी मागितलेली वस्तू, तीही त्यांच्याच घरची, कोण नाही म्हणेल? मी नाही म्हटलं नाही. उलट मला वाटलं, बरं झालं, पाटलांच्या नावाला चार फुलं पडतील. ती मोहर बाहेर कुणाला दाखवायची नव्हती, हे माझ्या ध्यानात तरी कसं आलं नाही? पण नाही आलं. त्यानं ती आधीच पाहिलेली होती, मग लपवायचं काय, असंच काहीतरी डोक्यात असणार.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं मोहर परत आणली. वर आपट्याची पानं ठेवली, माझ्या पाया पडला. मोहरेला हळदीकुंकू लागलेलं, आणि अक्षरांच्या खाचांत काळं काहीतरी. मी म्हटलं, निरांजनाची काजळी असेल. चिंचेचा कोळ आणि राख घेऊन मी ती मोहर घासली. दसऱ्याची सगळी भांडी घासायची होतीच, त्यातच तीही. अशी लख्ख झाली की नवी वाटावी.

मास्तर परत आले आणि पेटी उघडून ओरडलेच. पितळेवर इतक्या वर्षांची जी काळसर झाक चढली होती ती मी घालवली, म्हणून. "अडाणी, अडाणी," एवढंच म्हणत राहिले. दोन दिवस अबोला. मीही फुगून बसले. मोहर कुणी नेली, कशाला नेली, खाचांत काळं काय होतं, हे आम्हा दोघांत एकदाही निघालं नाही. भांडण सगळं चकाकीचं.

थंडीत कागद बाहेर आला. पाटलांनी विहिरीचं सगळं रान मरायच्या आदल्या वर्षी पुतण्याला लिहून दिलं, असा कागद. खाली पाटलांची मोहर. तहसीलात पाटलीणबाईंना बोलावून विचारलं, ही मोहर ओळखता का? त्या बाईनं चाळीस वर्षं ती मोहर नवऱ्याच्या कमरेला पाहिलेली. व्हय म्हणाल्या, त्यांचीच.

मग त्या कागदाची नक्कल घेऊन आमच्याकडं आल्या. उर्दूतला कागद, मास्तर वाचून दाखवतील म्हणून. ओसरीवर बसल्या. मी ताक दिलं, ते तसंच राहिलं. मास्तरांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचून, एकेक शब्द उलगडून सांगितला. आवाज नीट होता. वर्गात शिकवतात तसा.

"गुरुजी, मोहर खोटी असंल का?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "न्हाई," म्हणाले. "मोहर खरी हाय."

"मेल्यावर तर उस्तादानं रेघ मारली. म्हंजी जित्तेपणीच उठवली म्हणायची." पाटलीणबाईंनी नक्कल घडी करून पदरात बांधली. "मला सांगितलं बी न्हाई त्यांनी. चाळीस वर्षं एका घरात राहिलो, आन् एका शब्दानं सांगितलं न्हाई. कामून केलं असंल वो असं?"

त्याचं उत्तर आमच्या आतल्या खोलीत, पेटीत कापसावर पडलेलं होतं. मी दारातच उभी होते. तोंड उघडायला हवं होतं. मूग गिळून उभी राहिले, हेच खरं. त्या रात्री मी मास्तरांना खंडेनवमीचं सांगितलं, आणि पुढंही गप्पच का राहायचं ते त्यांनी उजाडेपर्यंत समजावलं. खरं सांगितलं तर उस्तादांकडं पुन्हा कोण मोहर घेऊन जाणार? मेलेल्याची मोहर लपवली म्हणून मास्तरांची नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. आणि मोहर हातानं काढून दिली ती तू, हे ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

उस्तादांना कळलं तेव्हा ते तडक आले. "मैं बोल देता," म्हणाले. तहसीलात जाऊन खरं सांगतो, माझी लाज गेली तर जाऊ दे. मास्तरांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि विनवण्या केल्या. आपण दोघंही बुडू, म्हणाले. उस्ताद ऐकून गेले. त्यानंतर ते आमच्या घरी कधी आले नाहीत, आणि मास्तरांनीही बिदरची वाट सोडली.

पाटलीणबाई भावाकडं, कमलनगरच्या बाजूला राहायला निघाल्या. जायच्या आधी एक समई घेऊन आल्या. काशाची, ओतीव, वर हंस बसलेला. सासूच्या सासूची. म्हणाल्या, "त्या घरचं मला काई नको. गुरुजींना जुन्या वस्तू आवडत्यात, त्यांना ठिवा." आणि मास्तरांनी ती घेतली. घेतली! त्याच दुपारी मांडी घालून तिचं चित्र काढत बसले, हंसाची मान कशी वळली आहे ते मला दाखवायला लागले. त्या दिवशी माझ्या मनातून हा माणूस उतरला तो उतरलाच. पुढं मी त्यांना दोन वेळचं वाढलं, आजारपणं काढली, पण ते वेगळं.

दोन वर्षं गेली. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि हैदराबादचं राज्य चार दिवसांत संपलं. गावात गुढ्या उभारल्या. आणि पुढच्या आठवड्यात काय काय झालं ते बोलायला आमच्याकडची माणसं अजून तयार नसतात. मुसलमानांची म्हणून उस्तादांची गल्ली जाळली. उस्ताद सापडले नाहीत. त्यांच्या दुकानाच्या उंबऱ्यावर छिन्न्या पडल्या होत्या, असं बघून आलेल्यानं सांगितलं. जाळणारे कोण ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांतले काही मास्तरांच्या हाताखाली शिकलेले. मास्तर ऐकून भिंतीकडं तोंड करून निजले. मी मात्र त्या दिवशी ठरवलं. ज्याची अब्रू झाकायची म्हणून गप्प बसलो, तोच राहिला नव्हता. आता कुणाला जपायचं?

पितृपक्षाचा शेवटचा दिवस होता, सर्वपित्री अमावास्या. रेल्वेचा भरवसा नव्हता. कमलनगरकडं कडबा न्यायला निघालेल्या एका गाडीत मी पहाटेच बसले. समई लुगड्यात गुंडाळलेली, मोहर कनवटीला. मास्तरांना विचारलं नाही.

पाटलीणबाईंच्या भावाचं घर गजबजलेलं. चुलीवर खीर, वडे तळलेले, भावजय पानं पुसत होती. पाटलीणबाई मागच्या अंगणात भांडी घासत बसल्या होत्या. वाळून काटकी झालेल्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. उस्तादांचं, पेटीचं, खंडेनवमीचं, चिंचेच्या कोळाचं, आणि मास्तरांनी कागद वाचून दाखवला तेव्हा मी दारात उभी होते त्याचं. मग समई त्यांच्यापुढं ठेवली, आणि मोहर काढून त्यांच्या ओल्या हातावर दिली.

त्यांनी अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. रेघ शोधत होत्या.

मला वाटलं आता रानाचं काढतील. पुतण्याला शिव्या देतील, मला देतील. मी त्यासाठीच आले होते. म्हटलं तर मार खायलाच आले होते.

"म्हंजी त्यांनी लिहून दिलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

"न्हाई."

"मी त्यांचं पान वाढणं बंद केलं की वो." आवाज अगदी बारीक. "भाऊ म्हणायचा, वाढ. मी म्हणायची, ज्या माणसानं मला रस्त्यावर टाकलं त्याला मी कामून घालू? दोन सालं, अक्का. दोन सालं उपाशी परत गेले असतील ते."

त्या उठल्या, हात धुतले आणि भावजयीकडून पानं मागून घेतली. एक नाही, तीन. एक ह्या सालचं आणि दोन चुकलेली. तिन्ही पानांवर सारखं वाढायला लागल्या. खीर, वडे, भाजी, मीठ, लिंबू. भात पानाबाहेर सांडत होता. मला बघवेना. मी उठून दुसरं पान हातात घेतलं, म्हटलं निदान एवढं तरी मी मांडते.

त्यांनी ते माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.

"तुमी नका," म्हणाल्या. "तुमचा हात लागला तर ते जेवायचे न्हाईत."