जयरामकाकांच्या सुनेचा फोन

सत्यवती परबने जन्मात कधी कबड्डीचं मैदान धड पाहिलं नव्हतं. माहेरी भाऊ खेळायचे, पण मुलींनी तिकडे फिरकायचं नाही अशी रीत. सासर नांदगावच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात काजू आणि बारा महिने घर. खेळ बघायला सवड कुणाला होती? तरीही गेली दोनेक वर्षं दर रविवारी संध्याकाळी तिचा आवाज तालुक्यातल्या कितीतरी घरांत ऐकू यायचा, तो कबड्डीवर बोलताना.

हे लचांड तिच्या गळ्यात पडलं ते सासऱ्यांमुळे. जयराम परब तरुणपणी गावच्या मंडळाकडून डाव्या कोपऱ्यात खेळायचे. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा एकदा त्यांच्या हाती लागला की सुटायचा नाही, असं जुनी माणसं अजून सांगतात. वय झालं, खेळ सुटला, पण खेळावरचं बोलणं काही सुटलं नाही. कणकवलीत एक लहानसं रेडिओ केंद्र निघालं, त्यावर रविवारी 'मैदानावरसून' नावाचा कार्यक्रम लागायला लागला, आणि जयरामकाकांना हक्काची जागा मिळाली. प्रीतम नावाचा पोरगा तो कार्यक्रम चालवायचा. आधी आठवड्याभरातल्या सामन्यांची हकिकत सांगायचा, कुठल्या गावात कबड्डी झाली, कुठे टेनिस बॉलचं क्रिकेट झालं, आणि मग लोकांचे फोन घ्यायचा. फोन करणारे ठरलेले. तारकर्लीचा केयूर होडीवरून बोलायचा, त्याचं निम्मं बोलणं वाऱ्यात जायचं. सावंतवाडीच्या आनंदीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांना पंचांचा एकही निर्णय आजवर पटलेला नव्हता. आणि तिसरे जयरामकाका. ते पडवीत खुर्ची टाकून बोलायचे, मागे कोंबड्यांचा गलका असायचा. म्हणून प्रीतमने त्यांचं नावच 'पडवीतले जयरामकाका' ठेवलं होतं.

मग एका वर्षी चतुर्थीची धामधूम उरकली, आणि त्याच आठवड्यात काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. 'व्हय' आणि 'नाय' एवढे दोन शब्द उरले. राग आला की 'मेल्या' तेवढं स्वच्छ यायचं.

सत्यवतीचा नवरा बाळा तारकर्लीला एका लॉजच्या स्वयंपाकघरात आचारी. शनिवार-रविवार तिथे पाहुण्यांची झुंबड, म्हणून तो घरी यायचा मंगळवारी आणि बुधवारी पहाटेच्या एसटीने परत जायचा. मुलगी रिया सावंतवाडीला वसतिगृहात राहून शिकत होती. म्हणजे घरात माणसं दोनच, एक खाटेवर आणि एक खाटेभोवती. अंग पुसायचं, कूस बदलायची, पेज भरवायची, चादरी धुवायच्या, आणि मधल्या वेळात काजू वेचायला जायचं, तेही कान घराकडे ठेवून. म्हातारा हाडापेराने जड. त्यांना उचलून बसवता बसवता सत्यवतीची कंबर जी धरली, ती सुटलीच नाही. कुरकुर करायचा तिचा स्वभाव नव्हता. आणि करायची तरी कुणापाशी?

काका अंथरुणाला खिळल्यावर काही रविवार गेले, आणि एका रविवारी प्रीतम रेडिओवरून म्हणाला, "पडवीतले जयरामकाका खंय गायब आसत? काकानू, ऐकतास मा? रागावलास काय आमच्यार?"

म्हाताऱ्याने डावा हात खाटेच्या कडेवर आपटायला सुरुवात केली. बोट फोनाकडे.

"मामानू, मी काय सांगू तेंका?" सत्यवती म्हणाली. "माका त्यातला काय एक कळणा नाय."

हात काही थांबेना. शेवटी तिने फोन लावला. "मी जयराम परबांची सून बोलतंय. मामांका बरा नाय. तेंका आता बोलूक येणा नाय."

प्रीतम म्हणाला, "वैनीनू, पण ऐकूक येता मा? मगे तेंका इचारा, कालची म्याच आपण कोणामुळे हरलंव?"

सत्यवतीने वळून विचारलं, "मामानू, पंचांमुळे?"

"नाय."

"आपल्या पोरांमुळे?"

"व्हय!"

"आपल्याच पोरांमुळे, म्हणतत," तिने फोनात सांगितलं. तिकडे प्रीतम खो-खो हसला. इकडे म्हातारा तोंडाच्या एका बाजूने हसला. आजारपणानंतर तो पहिल्यांदाच हसत होता, म्हणून पुढच्या रविवारी सत्यवतीने आपणहून फोन लावला.

पण हो-नाहीतून माणसाचं मत काढायचं म्हणजे सोपं काम नव्हे. प्रश्न नेमका विचारावा लागतो, आणि त्यासाठी खेळ कळावा लागतो. मग ती खाटेशेजारी बसून मोबाइलवर सामने बघायला लागली. "ह्यो परत कित्याक गेलो? हात लागलो म्हणान?" "नाय." "मगे रेषेक पाय लागलो?" "व्हय." असं करत करत बोनस रेषा कळली, पकड कळली, तिसऱ्या चढाईला गडी जिवावर उदार होऊन का जातो तेही कळलं. कांदा चिरतानासुद्धा तिच्या डोक्यात कोपरारक्षक उभा राहायला लागला.

हळूहळू रविवारचा फोन हेही आणखी एक कामच होऊन बसलं. जरा उशीर झाला की हात आपटायला सुरुवात. बाजारात माणसं थांबवून म्हणायची, "गो, मामांका सांग, तेंचा म्हणणा बरोबर होता." तू कशी आहेस, हे मात्र कुणी विचारायचं नाही.

यंदा काजूच्या दिवसांत कणकवलीत मोठी स्पर्धा झाली. नांदगावच्या पंचक्रोशीतला संघ अंतिम सामन्यात पोचला होता. सासरा आणि सून दोघांनी सामना मोबाइलवर पाहिला. शेवटची चढाई उरली तेव्हा आपला संघ एका गुणाने पुढे होता. ओंकार नावाचा पोरगा चढाईला निघाला. समोर तिघेच उरलेले. अशा वेळी पकड झाली तर समोरच्यांना दोन गुण मिळतात. ओंकारने मध्यरेषेपाशी नुसता वेळ काढला असता तरी करंडक आपला होता. तो सरळ आत घुसला. तिघांनी त्याला घातला खाली, आणि सामना एका गुणाने गेला.

सगळ्यांनी चढाई पाहिली. सत्यवतीने त्याच्या आधीचं पाहिलं. गुडघ्यांवर हात टेकून ओंकार वाकून उभा होता. त्याने मागे वळून आपल्या गड्यांकडे पाहिलं. एकही पुढे आला नाही.

रविवारी रेडिओवर नुसता जाळ. आनंदीबाई शुद्ध मराठीत म्हणाल्या, "एवढी साधी अक्कल नसेल तर अशा मुलाला संघात घेताच कशाला?" केयूर वाऱ्यातून ओरडला, "भायर बसवा तेका!"

त्या दिवशी सत्यवतीच्या घरचा पंप बंद पडला होता. तिने विहिरीवरून पाणी ओढून दोन वेळा चादरी धुतल्या होत्या, आणि तिसऱ्यांदा धुवायची वेळ आलीच होती. तिने प्रश्न विचारून घेतले. ओंकार चुकलो? व्हय. तेका काढूक व्हयो? व्हय, व्हय! तिने तसं फोनवर सांगून टाकलं. आता फोन ठेवणार, इतक्यात प्रीतमने विचारलं, "काकांचा कळला. पण वैनीनू, तुमका काय वाटता?"

माका काय कळता, असं म्हणून ती फोन ठेवू शकली असती. तिने ठेवला नाही.

"तो दमललो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दमललो. सगळ्या म्याचीत तोच एकटो जाय होतो. बाकीचे मागे रवान टाळ्ये वाजवी होते. तुमी म्हणतास तेना वेळ काढूक व्हयो होतो. वेळ काढूकसुद्धा अंगात बळ लागता. माणूस लय दमलो काय तेका जिकूचा नसता आणि हरूचाही नसता. तेका फक्त संपवचा असता. म्हणान तो आत गेलो." ती थांबली, आणि तिला वाटलं आता झालं, पण आणखी शब्द आलेच. "तो दमलो हा, ह्या बघूचा काम कोणाचा होता? तेवा कोण इचारूक गेलो नाय. आता हरल्यार सगळे इचारतत."

प्रीतमने गाणं लावलं.

सत्यवती वळली. म्हातारा तिच्याकडे टक लावून पाहत होता. "मेल्या!" तो ओरडला, आणि डाव्या हाताने त्याने पेजेची वाटी उडवली. ती बाहेरून फडकं घेऊन आली, जमीन पुसली, नव्याने पेज आणली. त्याने तोंड उघडलं नाही.

थोड्या वेळाने तारकर्लीहून बाळाचा फोन आला. स्वयंपाकघरात त्याच्या सोबत्याने मोबाइलवर तोच कार्यक्रम लावून ठेवला होता.

"सत्या, तू ओंकाराचा बोललंस काय तुझा?"

"मासे तळतंस मा? तळ. करपतले."

त्याच्या मागे कुणीतरी थाळ्या मागत होतं. बाळा म्हणाला, "मंगळवारी येतंय मी."

"दर मंगळवारी येतंस," सत्यवती म्हणाली.

मंगळवारी तो आला. तिला काही न विचारता त्याने बापाला आंघोळ घालायला घेतली. एरवी तो बाजूला बसून पंखा धरायचा, पायांना तेल चोळायचा, अवघड सगळं तिच्यावर सोडायचा. त्या दिवशी कुशीवर वळवण्यापासून धोतर नेसवण्यापर्यंत सगळं त्याने एकट्याने केलं, आणि उरकल्यावर भिंतीला पाठ टेकून धापा टाकत बसला.

"ह्या तू रोज करतंस?"

"दिसाक तीन-चार वेळा."

बाळाने उठून फोंड्याला बहिणीला फोन लावला.

बहीण नर्मदा आली ती फणफणतच. तिच्या वाडीत कुणीतरी तिला म्हटलं होतं, तुझी भावजय रेडिओवर रडली. "माका फोन करूक काय झाला होता?" पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं. "सगळ्या तालुक्याक कित्याक सांगूक व्हया?"

"मी रडाक नाय," सत्यवती म्हणाली. "आणि तुका सांगललंय. आधी एकदा, मगे होळयेक परत."

नर्मदेला आठवलं असावं. तिने पिशवी आत नेली.

आपल्याला सुट्टी मिळाली तर काय काय करू, हे सत्यवतीने पूर्वी पुष्कळदा मनात घोळवलं होतं. प्रत्यक्षात ती आतल्या खोलीत जाऊन झोपली, आणि जेवणापुरती उठत दोन दिवस झोपूनच राहिली. मग सावंतवाडीला रियाकडे गेली. मायलेकी तळ्याच्या काठावर बसल्या. रिया कॉलेजातलं काहीबाही सांगत होती. सत्यवतीला ते नीट ऐकूही येत नव्हतं, नुसतं पाणी बघत बसावंसं वाटत होतं. "आई, तू बारीक झालीस," रिया म्हणाली. "व्हय," ती म्हणाली, आणि तेवढ्यावर विषय संपला.

ती परतली तेव्हा नर्मदा रडकुंडीला आली होती. रविवारी तिने बापाच्या वतीने फोन केला होता, आणि सगळे बरे खेळले, असं सांगून मोकळी झाली होती. म्हाताऱ्याने 'नाय, नाय' करत खाट हादरवून सोडली. तिला पुढचा प्रश्नच विचारता येईना, कारण पकड म्हणजे काय हेच तिला ठाऊक नव्हतं. "ह्यो म्हातारो माझा ऐकना नाय गो," ती म्हणाली. "तुझा तरी कसो ऐकता?"

म्हातारा सत्यवतीचंही ऐकत होता असं नाही. पेजेची वाटी उडवल्यापासून तो तिच्या हातून खायचा, पण नजर आढ्याला लावून. पुढचा रविवार आला. नर्मदा तिच्या घरी गेली होती. रेडिओ सुरू झाला, म्हाताऱ्याने उशाचा मोबाइल डाव्या हाताने सुनेकडे सरकवला.

सत्यवतीने तो हातात घेतला. "लावतंय. पण आधी तुमचा सांगतलंय, आणि मगे माझा सांगतलंय. चलात?"

"नाय."

तिने मोबाइल परत उशाशी ठेवला आणि वाळलेले कपडे घडी करायला बसली. रेडिओवर केयूर बोलून गेला. आनंदीबाई पंचांवर घसरल्या. ओंकारला दोन सामने बाहेर बसवून परत घेतलं होतं, कारण त्याच्या जागी पाठवायला दुसरा कुणी नव्हताच. प्रीतमने ते सांगितलं तेव्हा खाटेच्या कडेवर हात आपटायला लागला.

"चलात?" सत्यवतीने मान वर न करता विचारलं.

हात थांबला. मग थुंकल्यासारखा शब्द आला. "व्हय."

तिने फोन लावला. लाइन लागेना. तिने पुन्हा लावला. खांबाला पाठ टेकून, कानाशी मोबाइल धरून ती लाइनीची वाट बघत राहिली. पडवीत ऊन उतरलं होतं, अंग जड झालं होतं, आणि कानात ती एकसुरी घंटी वाजत होती. तिचा डोळा कधी लागला तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा रेडिओवर भजन चालू होतं. कार्यक्रम केव्हाच संपला होता. मोबाइल तिच्या मांडीवर पडला होता. म्हातारा टक्क जागा होता, आणि त्याचा डावा हात छातीवर शांत ठेवलेला होता.

"मामानू, हाक कित्याक मारलास नाय? खाट तरी आपटूची," ती दचकून म्हणाली.

त्याने व्हयही म्हटलं नाही आणि नायही म्हटलं नाही. बाहेर कोंबड्या आत यायला लागल्या होत्या, त्यांच्याकडे तो पाहत राहिला. सत्यवती कंबरेवर हात देऊन उठली. दिवा लावायची वेळ झाली होती, आणि पेज अजून चुलीवर चढायची होती.